यादी

शुक्रवारी दुपारी, सोहारला, पाडळकरांच्या हॉलमध्ये
एसीखालची खुर्ची सोडून सगळे बसले
आणि मंडळाची कामं वाटली गेली.
पगार नाही. रजा नाही.
राजीनामा दिला तर तो कुणी घेत नाही.

हेमांगी कारखानीस: ऱ्हस्व-दीर्घ.
दिवसभर बंदरात कंटेनरचे आकडे जुळवते,
रात्री अकरानंतर आमच्या निमंत्रणांतले उकार.
‘पूजा’तला पू पहिला पडला
तर तिला झोप लागत नाही.

हिशेब शेंबेकरांकडे,
पैशापैशाचा नाही, बैशाबैशाचा.

इब्राहीम मुकादम, खेडचे: अरबी कागद.
नगरपालिकेचा परवाना, हॉलची अनामत,
आणि इस्पितळात कुणाचं काही झालं
तर रात्री दोनला जागं असणं.
हे शेवटचं कुठं लिहिलेलं नाही.

तुषार बनसोड, वेल्डर: कॅम्पातल्या सोळा पोरांना निरोप.
फोटो: चिटणीसांचा थोरला,
जो एकाही फोटोत नाही.

मग ताटात उरलेल्या शेवटच्या भाकरवडीकडे बघावं
तसं सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.
यादी तुम्ही घ्या.

यादी म्हणजे नावं. तीनशे बारा.
फोन, घर, रक्तगट,
बायकोचं माहेर (हा रकाना कुणी आखला देव जाणे)
आणि गणपतीला मोदक किती.

नवं नाव लिहायला हात सैल सुटतो.
जुनं खोडायचं कसं, ते कुणी शिकवत नाही.
माणसं सांगून जात नाहीत इथून.
आधी फ्रिज विकायला निघतो,
मग पलंग, पडद्यांसकट,
मग तुळशीची कुंडी, फुकट, स्वतः येऊन न्यावी,
मग एक दिवस फोन लागत नाही.
‘स’मध्ये माझंही नाव आहे.
मी त्या पानावरून जरा भरभर जातो.

वर्षातून एकदा सगळे नंबर फिरवायचे, हा नियम.
यंदा ‘ठ’पर्यंत आलो.
ठोसर, फलज अल कबाईल, स्मेल्टरमध्ये, मोदक चार.
पलीकडे मासळीचा लिलाव चाललेला
आणि खारवलेलं हिंदी:
ठोसर नहीं. ठोसर गया. छे साल.

नाव विचारलं. खमीस म्हणाला.
मला आधी सदराच आठवला,
मग आठवलं, यांच्यात तो गुरुवार.
म्हणाला, हर साल तुम्हारा औरत पूछता, मोदक कितना.
मैं बोलता नहीं चाहिए. फिर पूछता.
पिछला साल मैं बोला, चार.
कोई नहीं लाया.

खरं होतं.
पाडळकर वहिनींनी माझ्याच यादीवरून फोन केले होते.
संध्याकाळी डब्यात चार उरले
तेव्हा आम्ही म्हणालो, ठोसर हल्ली माणसांत नसतात.

बाहेर शमाल सुटला होता.
काचेवर वाळू,
चाळणीतून रवा पडतो तसा आवाज.

जो गेला तो खोडावा, हाही नियम, मीच केलेला.
ठोसरांवर एक रेघ मारली,
वाचता येईल इतपत.
खाली लिहिलं: खमीस. स्वतःची होडी.
माहेर कोरं.
रक्तगट विचारला तर खूप वेळ हसला,
म्हणाला, लाल.
मोदक: चार. मागची बाकी धरून आठ.

रविवारी कागद तपासून परत आला.
ठोसरांच्या रेघेला हेमांगीने हात लावला नव्हता.
खमीसमधल्या ‘मी’भोवती मात्र
लाल गोल होता, आणि बाजूला बारीक अक्षरात,
दीर्घच ना?

विचारून सांगतो म्हटलं
आणि फोन लावला.